वाक्याच्या पोटातलं ‘नाही’

रेणुसे मास्तर इंग्रजी बोलू लागले की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बैल हाकतंय. शब्द सगळे शुद्ध, व्याकरण बिनचूक, पण चाल मावळातली. भोरच्या हायस्कुलात मी गणित शिकवायला लागलो त्या पहिल्याच दिवशी संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आमच्याकडे इंग्रजी रेणुशांच्या गावाहून, पासलीच्या डोंगरातून खाली येतं बरं का. ऐकाल तेव्हा हसू नका.” आणि स्वतःच हसले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, पुण्याहून आलेला. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. राहायला जागा मिळेना, तेव्हा हेडमास्तरांनी माझी वळकटी रेणुशांच्या खोलीत टाकायला सांगितली. नदीकाठच्या आळीत त्यांची एकच लांबट खोली होती. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही. चाळिशीकडे झुकलेला, उंच, खांद्यांत किंचित वाकलेला माणूस. पंजे एवढे मोठे की खडू हातात धरला की दिसायचाच नाही. नुसतं बोट फळ्यावर फिरतंय आणि मागे अक्षरं उमटताहेत असं वाटायचं. सकाळी चुलीपुढे भाकऱ्या थापताना ते इंग्रजी क्रियापदांची रूपं म्हणत. गो, वेंट, गॉन. भाकरी उलटली की पुढचं क्रियापद. महिन्याभरात मीही आंघोळ करताना तेच म्हणू लागलो.

मला गणितवाले म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

त्यांचा एक धडा साऱ्या भोरात ठाऊक होता. मॅट्रिकच्या मुलांना जिथे हमखास घाम फुटतो तो हा धडा. जे घडलंच नाही त्याबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं. तो आला असता तर मी गेलो असतो. मी अभ्यास केला असता तर बरं झालं असतं. मराठीत आपण ‘असता’ लावून मोकळे होतो. इंग्रजीत ‘हॅड’ कुठे, ‘वुड हॅव’ कुठे, क्रियापदाचं रूप कोणतं, या गोंधळात पोरं बुडून जात. मास्तर फळ्यावर वरून खालपर्यंत एक रेघ मारत. रेघेच्या उजवीकडे मुलानं ‘असतं तर’चं वाक्य लिहायचं, डावीकडे खरं काय घडलं ते.

“इफ ही हॅड कम, आय वुड हॅव गॉन,” मुलगा वाचायचा.

“म्हंजे झालं काय?” मास्तर विचारायचे. धडा रंगला की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची.

“तो आला नाही सर. मी गेलो नाही.”

“हां. या वाक्याच्या पोटात एक ‘नाही’ दडलेलं असतंय. वरून दिसत न्हाई. ते आधी हुडका, मग व्याकरण आपोआप येतंय. इंग्रज काय करतो, ती गोष्ट हाताला लागू नये म्हणून क्रियापद आणखी एक पाऊल मागं नेऊन ठेवतो. गेलेल्याच्याही पलीकडं.”

मागच्या बाकावरचा कितीही मठ्ठ पोरगा असो, या धड्यात त्याला मार्क मिळायचेच. मी माझा तास नसला की खिडकीबाहेर उभा राहून ऐकायचो.

एकदा तपासणीला मोठे साहेब आले होते. रेणुशांचे उच्चार ऐकून ते मिशीत हसत होते. त्यांनी हिर्डोशीच्या एका मुलाला उठवलं आणि ‘विश’ घालून गेलेल्या गोष्टीबद्दल एक वाक्य करायला सांगितलं. तो म्हणाला, “आय विश आय हॅड नॉट कम टू भोर.” भोरला आलो नसतो तर बरं झालं असतं. साहेबांना गंमत वाटली. “का रे? भोरनं काय केलं तुझं?” मुलगा मराठीत म्हणाला, “आई गेली मागच्या म्हैन्यात. मला चार दिसांनी कळलं. हिकडं होतो ना.” साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या वर्गाकडे गेले. रेणुसे मात्र त्या मुलाच्या बाकाशी जाऊन त्याच्या शेजारी बसले, उरलेला सगळा तास. घंटा झाल्यावर उठताना म्हणाले, “वाक्य बरोबर होतं रे.”

वर्षातून दोन-तीनदा त्यांचा थोरला भाऊ पासलीहून यायचा. मारुतीदादा. डोंगर उतरून, धरणाच्या पाण्याला वळसा घालून, डोक्यावर तांदळाचं ओझं घेऊन दिवसभर चालत. रात्र वाटेत कुठेतरी काढायचा आणि दुसऱ्या दिवशी थेट शाळेत हजर व्हायचा. तो दारात दिसला की रेणुसे चालू वाक्य तोडून उठत, स्वतःची खुर्ची पुसून त्याला देत आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत उभे राहत. शिक्षकांच्या खोलीत याची कुजबुज व्हायची. दादाला त्याचं काही नव्हतं. तो खुर्चीत मांडी घालून बसायचा आणि फळ्याकडे असा बघायचा जसा कुणी जत्रेत पाळण्याकडे बघेल. मोठ्या आनंदानं, आपल्याला त्यात बसायचंय असं काही मनात न आणता.

“सख्या, हे वळवळीत काय लिवलंस?” तो विचारायचा. मास्तरांचं नाव सखाराम होतं हे आम्हाला त्याच्यामुळं कळलं.

एकदा तो आला तेव्हा मास्तर हेडमास्तरांकडे होते, म्हणून मी त्याला माझ्याच वर्गात बसवलं. मी हौदाचं गणित घातलं होतं. एका नळानं हौद बारा तासांत भरतो, दुसऱ्यानं पंधरा तासांत. तळाच्या भोकातून भरलेला हौद वीस तासांत रिकामा होतो. दोन्ही नळ सोडले आणि भोक उघडंच राहिलं तर हौद कधी भरेल? मुलं अपूर्णांकांशी झटत होती. कोपऱ्यातून आवाज आला, “धा तास.”

मी वळून पाहिलं. दादा ओशाळला. “चुकलं का, धाकलं मास्तर?”

“नाही. कसं केलंत?”

“न्हाई, म्या म्हनलं, हौद साठ घागरींचा धरू. मंग पयला नळ तासाला पाच घागरी देतूय, दुसरा चार. भोक तीन खातंय. ऱ्हायल्या सा. साठाला सा, धा तास.” आणि हसून म्हणाला, “पर भोक बुजवलं न्हाई का कुनी?”

मुलं हसली, मीही हसलो. खोलीवर आल्यावर कौतुकानं मी ते मास्तरांना सांगितलं. दादा तेव्हा नदीवर गेला होता. मास्तरांनी हातातली पळी खाली ठेवली. “साठ घागरी म्हणाला?” त्यांनी विचारलं. त्या दिवशी भाकऱ्या करपल्या.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं नदीवर कपडे धूत होतो. दादा परत गेला होता. एकाएकी, धोतर पिळता पिळता, मास्तर म्हणाले, “गणितवाले, भोरला दादा यायचा होता. मी नाही.”

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पासलीला देवळात चौथीपर्यंतची शाळा भरायची. दोघं भाऊ तिथेच शिकले. दादा दोन वर्षांनी मोठा, पण गुरांमागं राहून उशिरा शाळेत आलेला, म्हणून दोघं एकाच इयत्तेत. चौथीच्या परीक्षेनंतर भोरच्या वसतिगृहात त्या भागातल्या शेतकऱ्याच्या एका मुलाची सोय होणार होती. फक्त एका. परीक्षेत मारुती पहिला आला, सखाराम दुसरा. त्या दिवशी दादा रानात होता. गावच्या मास्तरांनी सखारामला बोलावून सांगितलं, “तुझ्या बापाला म्हणावं, थोरल्याला सोमवारी भोरला पोचवा. पासलीचा रेणुसे म्हणून सांगा, जागा मिळेल. असा पोरगा मी दहा वर्षांत पाहिला नाही.”

“मी घरी आलो,” मास्तर म्हणाले, “आणि बाला सांगितलं, मास्तरांनी मला भोरला पोचवायला सांगितलंय.”

“किती वर्षांचे होता तुम्ही?”

“अकरा. लोक म्हणतील, लहान होतो, कळत नव्हतं. मला कळत होतं. मला जायचं होतं, एवढंच. त्याच महिन्यात त्या मास्तरांची बदली झाली. विचारणारं कुणी राहिलंच नाही. निघालो तेव्हा दादा वेशीपर्यंत आला होता, माझं गाठोडं घेऊन. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हुशार निघालो म्हणून.”

नदीचं पाणी त्यांच्या पोटऱ्यांवरून वाहत होतं. माझ्या वयाला त्या वेळी शोभेल असं मी बोललो. आज तो शब्द परत घेता आला तर काय वाटेल ते देईन. मी म्हणालो, “सांगून टाका दादाला. तुमचं मन हलकं होईल. ते मोठ्या मनाचे आहेत.”

“मोठ्या मनाचाच आहे,” ते म्हणाले. “त्याचंच तर भ्या वाटतंय.”

पण ते माझ्या बोलण्यावर विचार करत राहिले. भात झोडपून झाल्यावर मार्गशीर्षात दादा नवे तांदूळ घेऊन आला. दुपारी जेवणं झाली, दादा सुपारी कातरत भिंतीला टेकला, आणि मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मी उठून जाऊ लागलो तर मास्तरांनी खुणेनं थांबवलं. मग त्यांनी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, स्वतःची बाजू घेतली नाही.

दादाचा अडकित्ता थांबला.

“म्या पयला व्हतो?” त्यानं विचारलं.

“व्हय दादा.”

“तुझ्याम्होरं?”

“व्हय.”

“मास्तर काय म्हनलं व्हतं? जसंच्या तसं सांग.”

“असा पोरगा मी दहा वर्षांत पाहिला नाही, असं म्हणाले.”

“परत सांग.”

मास्तरांनी परत सांगितलं. त्यांचा आवाज फाटला. दादानं मान हलवली, जशी एखादी किंमत पटल्यावर हलवावी. मग तो हसला आणि त्यानं मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. “हात्तिच्या! आन म्हून रडतुयास? आरं, तू हितं आला नसतास तर नांगर कोन धरनार व्हतं, तू? बैलं हसली असती. जाऊ दे. पोरपनातली गोस्ट.”

मास्तरांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. दादानं त्यांना उठवलं. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं. माझ्या सल्ल्याचा मला अभिमानही वाटला.

मधली सुट्टी संपली तसे मास्तर वर्गावर गेले आणि तासाभरानं दादा निघाला. मला पोस्टात जायचं होतं, म्हणून थोड्या वेळानं मीही बाहेर पडलो, तर तो शाळेजवळ दिसला. मास्तरांचा वर्ग चालू होता. एरवी तो बिनधास्त दारात जाऊन उभा राहायचा. त्या दिवशी कुंपणाच्या बाहेर, रिकामं पोतं छातीशी धरून, खिडकीतून आत बघत होता. मी जवळ गेलो तरी त्याला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा जत्रेतला आनंद कुठेच नव्हता. आपलं काहीतरी हरवलेलं दुसऱ्याच्या घरात दिसावं, तसं तो बघत होता. मी हाक न मारता मागच्या मागे वळलो.

तो पुन्हा कधी भोरला आला नाही.

तांदूळ यायचे, पण भोरच्या बाजाराला येणाऱ्या कुणाबरोबर तरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर पासलीला गेले ते चार दिवसांत परतले. एक दिवस भाकरी थापता थापता त्यांनीच सांगितलं. दादा नीट बोलतो. पिकाचं बोलतो, पावसाचं बोलतो, मास्तरांच्या ताटात तूप वाढायला लावतो. पण वहिनीनं मास्तरांना गोठ्यात गाठून विचारलं होतं, “भावजी, तुमी असं काय सांगितलंत ह्यांस्नी? नांगर धरून चालता चालता मधीच उभं ऱ्हात्यात. बैलं थांबत्यात तरी ह्यांस्नी कळत न्हाई. परवा मला इचारलं, म्या मास्तर झालो असतो तर तू घरात बूट घालून येऊ दिलं असतंस का? आता ह्याला काय म्हनायचं?”

“हसून विचारलं असेल,” मी म्हणालो.

“हसून नाही विचारलं.” मास्तरांनी भाकरी तव्यावर टाकली. “गणितवाले, त्याच्याकडं ही वाक्यं नव्हती हो. नांगर, भात, बायको, दोन पोरी, जे होतं ते होतं. त्याला कुठल्या गोष्टीचं काही वाटत नव्हतं. माझ्या छातीवरचा धोंडा मी उचलला आणि त्याच्या छातीवर ठेवला. आधी त्याची शाळा घेतली, आता त्याची झोप घेतली.”

बोलण्याचा माझा हक्क मी नदीवरच संपवला होता.

त्यानंतर चार-पाच वर्षं आम्ही त्याच खोलीत काढली. माझं लग्न झाल्यावर मी पलीकडच्या आळीत गेलो, तरी रोज भेट व्हायची. धडा ते शिकवत. फळ्यावरची रेघही तशीच असायची. पण “म्हंजे झालं काय?” हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. डावी बाजू मुलं आपली आपण लिहीत आणि ते खिडकीतून बाहेर बघत. निकालात काही फरक पडला नाही. फरक फक्त मला ठाऊक होता.

लढाईच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, ऐन लावणीच्या दिवसांत, दादा तापानं गेला. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मास्तर भर वर्गातून उठले आणि पावसात तसेच चालत गेले. दहा दिवसांनी त्यांचा राजीनामा आला. सुंदर इंग्रजीत, तीन ओळींचा.

हेडमास्तरांनी मला पाठवलं. “समजूत घालून आणा. असा इंग्रजीचा माणूस मला मिळायचा नाही,” ते म्हणाले. पासलीला पोचेपर्यंत माझे पाय फुटले. वहिनी घरात नव्हती. शेजारच्या म्हातारीनं खाचराकडं बोट दाखवलं. लावणी अर्धी राहिली होती. पाच-सहा बायाबापडे ओळीनं वाकलेले, आणि त्यांच्यात मास्तर, गुडघाभर चिखलात. मला पाहून ते बांधावर आले. हात पुसायला कोरडं काही नव्हतं, म्हणून तसेच लांब धरून उभे राहिले.

मी हेडमास्तरांचं सगळं सांगितलं. रजा वाढवून मिळेल. पगारातून गडी ठेवता येईल. वहिनीला भोरला आणता येईल. पोरी नांदायला गेल्यात, तेव्हा घराला गुंतवणारं काही नाही.

“तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले.

“मग चला.”

“बरोबर आहे म्हणालो. येतो म्हणालो नाही.” मग म्हणाले, “वहिनी म्हणते, शेवटच्या दिवशी तापात तो पाढे म्हणत होता. औटकी, पावकी, सगळे. एकही चुकला नाही म्हणे. तिला पाढे येत नाहीत. पण चुकला नाही म्हणते.”

माझ्यानं राहवलं नाही. “रेणुसे, तुम्हाला सांगायला मी लावलं. त्या दिवशी नदीवर मी तसं म्हटलं नसतं तर...”

“नका,” त्यांनी चिखलाचा हात वर केला. “ते वाक्य पुरं करू नका. एकदा का धरलं की सुटत नाही. तुम्ही तरुण होता, चांगल्या मनानं बोललात. घरी जा. बायकोला माझा नमस्कार सांगा.”

तेवढ्यात खाचरातून वहिनीची हाक आली. “भावजी, रोपं वाळत्यात! आन ह्या खेपेला इतकं खोल रोवू नका, कुजत्यात.”

“आलो वहिनी,” ते म्हणाले आणि खाली उतरले. पाण्यात पाय ठेवताना तोल गेला, शेजारच्या बाईनं दंड धरून सावरलं. त्यांनी मघाशी लावलेला रोपांचा एक चूड उपटला, हातात जरा वर धरून पाहिला आणि पुन्हा रोवला.

मी परतीच्या वाटेवरची पहिली चढण चढू लागलो तशी सर आली. माथ्यावर पोचून मागे वळलो. खाली खाचरात सगळ्यांनी पाठीवर इरली ओढून घेतली होती आणि ओळ एकेक पाऊल मागे सरकत होती. त्यातले रेणुसे मास्तर कोणते, हे मला वरून ओळखता आलं नाही.